तिघं उतरले

मनगटावर हात पडला आणि नाथाजी दचकला. मिरजेच्या थेटरात, सकाळच्या खेळाला, थोरला भाऊ कृष्णात शेजारच्या खुर्चीत बसलेला, त्याचाच हात. पडद्यावर नुकताच एक माणूस मेला होता. यानाबाहेर लटकून काम करताना त्याची दोरी तुटली आणि पांढऱ्या पोशाखातला तो माणूस हातपाय न हलवता काळ्या आभाळात लांब लांब गेला, बाजरीच्या दाण्याएवढा झाला आणि मग तेवढाही राहिला नाही. आतले दोघं साथीदार काचेला कपाळ लावून बघत राहिले. मागं कुणी शेंगा फोडत होतं, तेही थांबलं. तेव्हा कृष्णातनं धाकट्या भावाचं मनगट धरलं आणि पडद्यावरची नजर न काढता हलक्या आवाजात सांगितलं, "आता येतंय बघ ते. पत्र्यावर थाप मारतंय आता."

 ते येणार नव्हतं. ते परत येतं जगात एकाच ठिकाणी, 'तांबड्या चंद्राची स्वारी' या एकशेबारा पानांच्या पुस्तकात, अकराव्या प्रकरणात. पत्र्यावर तीन थापा मारतं, आणि आतल्या दोघांच्या अंगावर काटा येतो. ते पुस्तक याच इंग्रजी पिक्चरवरनं नाथाजीनं लिहिलेलं होतं. सांगलीभर त्यानं ते वाटलं होतं, चहावाल्याला दिलं होतं, केस कापणाऱ्याला दिलं होतं. माण तालुक्यातल्या आपल्या घरी तेवढं दोन वर्षांत एकदाही पाठवलं नव्हतं. का पाठवलं नाही ते त्याला पक्कं ठाऊक होतं. अकरावं प्रकरण त्यानं ज्याच्या आयुष्यातनं उचललं होतं तो माणूस आत्ता त्याचं मनगट धरून बसला होता, आणि त्याला त्यातली थापसुद्धा पाठ होती.

पडद्यावर दोघं काचेपासनं बाजूला झाले. कृष्णात वाट बघत होता. पुढं झुकून, हनुवटी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टेकून. मेंढरं आत घेताना बाप असाच झुकायचा, फाटकाच्या आडण्यावर छाती टेकून, एक एक डोकं मोजत.

सांगलीत लालासाहेबांच्या छापखान्यात नाथाजी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. सातवीपर्यंतची शाळा, पुढचं सगळं शिक्षण उलट्या अक्षरांतलं. लग्नपत्रिका, साखर कारखान्याचे अहवाल, प्राध्यापकांचे कवितासंग्रह, सगळं त्यानं हातानं जुळवलं होतं आणि जुळवता जुळवता ओळखलं होतं की यातल्या निम्म्या लोकांना लिहायचं काही नाही, फक्त छापून यायचं आहे. लालासाहेब व्यवहाराचा माणूस. एकदा म्हणाला होता की इंग्रजी पिक्चर आपल्या लोकांना दिसतो पण कळत नाही, तर जो बघून येईल त्यानं मराठीत लिहून काढावा, एसटी स्टँडवर विकू. नाथाजीला यात नवं काही वाटलं नाही. गावात हेच तर चालायचं. दहिवडीच्या जत्रेत तंबूतला पिक्चर एकानं बघायचा आणि वाडीवर येऊन बाकीच्यांना सांगायचा. सांगणारा जे विसरेल ते पिक्चरमध्ये नव्हतंच, आणि तो जे भर घालील ते असायचंच. नाथाजीचं सांगणं ऐकायला माणसं मेंढरं खोळंबून ठेवायची. पुढं एकदा त्यातला एक पिक्चर त्यानं पुन्हा पाहिला तर तो त्याच्या सांगण्यापेक्षा फारच भिकार निघाला.

तर त्र्याहत्तर साली एका रविवारी सांगलीत हा पिक्चर लागला, एकाच दिवसापुरता. तीन माणसं यानातनं तांबड्या चंद्राकडं जातात. वाटेत एक जण मरतो, दोरी तुटून अंधारात जातो. आणि नंतर, नाथाजीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, तोच माणूस यानात साथीदारांबरोबर बसलेला आहे आणि रबरी नळीनं पाणी पितो आहे. शांतपणे, एक एक घोट. साथीदारांना त्याचं काही वाटत नाही. थेटरातल्या लोकांनाही वाटलं नाही. इंग्रजी पिक्चर आहे, आला असेल कसा तरी. नाथाजी मात्र खुर्चीत पुढं सरकला. मेलेला माणूस परत आला की पहिल्यांदा पाणीच पितो, हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. तो माणूस दारापाशी कसा आला, त्याला आत कसं घेतलं, हे पिक्चरनं दाखवलं नव्हतं. ती जागा नाथाजीनं भरली. एकवीस दिवसांत पुस्तक झालं. सगळी प्रकरणं ठीकठाक होती. अकरावं तेवढं श्वास घेत होतं.

त्यात मेलेला येतो आणि पत्र्यावर थाप मारतो. आतला कप्तान दार उघडत नाही. तुझ्या नावानं आम्ही प्रार्थना म्हटली, पृथ्वीवर तुझ्या बायकोला कळवलं, तू आता त्या नावानं आत येऊ शकत नाहीस, असं तो आतनं सांगतो. तिथनंच नळी सरकवून पाणी देतो, स्वतः लांब उभा राहून. मग मेलेला दीड पान बोलतो: मी कोण, कुठं गेलो होतो, अंधार कसा असतो. शेवटी त्याला दुसरं नाव देऊन आत घेतात. आणि पृथ्वीवर यान उतरतं तेव्हा त्यातनं तिघं उतरतात. पिक्चरमध्ये दोघं उतरताच दिवे लागले होते, तिसरा मागनं येत असणार असं नाथाजीनं धरलं होतं.

पुस्तक खपलं. पहिली आवृत्ती वर्षभरात संपली आणि मग सांगलीच्या कॉलेजातले एक प्राध्यापक जागे झाले. मूळ पिक्चर, त्यावरनं निघालेली इंग्रजी कादंबरी आणि हे मराठी पुस्तक, अशी तिन्हीची तुलना करणारा लेख त्यांनी लिहिला, वाचनालयात व्याख्यानही दिलं. नाथाजी मागच्या बाकावर बसून ऐकत होता. मूळ कथेत तो माणूस परत येतच नाही. मराठी लेखकाला इंग्रजी कळलेलं नाही, आणि विज्ञान तर नाहीच, कारण पोकळीत थापेचा आवाज होत नाही. लोक हसले. नाथाजी उठला आणि म्हणाला की थाप बाहेरनं मारली तरी ती पत्र्यावर बसते, पत्रा आत हवेला लागून असतो आणि ऐकणारा आत असतो. सरांनी एकदा टाकीत बसून बघावं. पुन्हा लोक हसले, आता दुसऱ्या बाजूनं. प्राध्यापकांनी चष्मा पुसला. पण मेलेला परत येतो का, हा प्रश्न तसाच राहिला. नाथाजीनं पाहिलं तर होतं.

उत्तर केरबानं दिलं. केरबा म्हणजे थेटरवाल्यांचा रिळं नेणारा, पन्नाशीचा, वाळलेला माणूस. पिक्चरची प्रत एक आणि थेटरं दोन. मिरजेत रीळ संपलं की डबा सायकलला बांधून केरबानं तो सांगलीला पोचवायचा, तिथला खेळ तासभर मागं ठेवलेला असायचा. त्या रविवारी पाच आणि सहा असे दोन डबे एकदम बांधले होते, त्यातला पाच नंबरचा रेल्वे फाटकाच्या खड्ड्यात कॅरियरवरनं पडला. केरबाला सांगलीत पोचल्यावर कळलं. पब्लिक शिट्या मारत होतं म्हणून ऑपरेटरनं हातातलं सहा नंबरचं रीळ लावून दिलं, आणि केरबा मागं गेला तर रसाच्या गाड्यावाल्यानं डबा उचलून सावलीत ठेवलेला. सहा संपल्यावर पाच लागलं. सहामध्ये माणूस मेला, पाचमध्ये पाणी प्यायला. "इंग्लिश पिक्चर," केरबा तंबाखू मळत म्हणाला, "मागंफुडं झालं तर कुणाच्या बापाला कळतंय? तुमी पुस्तक लिवणार हे कुनाला ठावं."

नाथाजी त्या दिवशी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसला आणि एकटाच हसला. मग चिडला. मग स्टेशनवरच्या दुकानात ती इंग्रजी कादंबरी मिळाली, कव्हर गेलेली, ती घेतली आणि शब्दकोश उघडा टाकून पाच आठवडे वाचली. प्राध्यापकांनी जे सांगितलं नव्हतं ते त्याला तिथं सापडलं. पिक्चरमध्ये दोरी तुटते. कादंबरीत तो माणूस दोरी स्वतः सोडतो, मागच्या दोघांना हवा पुरावी म्हणून. म्हणजे एकाच माणसाचे दोन मृत्यू, आणि दोन्ही अस्सल. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की लेखकानं हे पिक्चर निघायच्या आधी, नुसत्या कागदांवरनं लिहिलं. त्यानं पिक्चर पाहिलाच नव्हता. आपण निदान डोळ्यांनी पाहिला. तरी त्याचं ते मूळ आणि आपली ती चूक, का तर तो तिकडचा. नाथाजीनं वहीत निकाल लिहून टाकला: कादंबरी पिक्चरच्या पासंगाला पुरत नाही. दोघं काचेला कपाळ लावून बघतात तिथं पिक्चर गप्प बसतो आणि अंगावर येतो. तिथंच कादंबरी चार पानं बडबडते, याला काय वाटलं, त्याला काय वाटलं. न बोलण्याची अक्कल पिक्चरला आहे, पुस्तकाला नाही. हे लिहिताना त्याला आपलं दीड पान आठवलं नव्हतं.

आता दुसरी आवृत्ती निघायची होती आणि लालासाहेब घाबरला होता. बाकी सगळे फर्मे, म्हणजे जुळवून बांधलेली पानं, तयार, अकरावं प्रकरण तेवढं बांधून बाजूला ठेवलेलं. सोमवारपर्यंत ते पिक्चरबरहुकूम दुरुस्त कर, माणूस मेला तर मेलाच ठेव, नाहीतर प्राध्यापक स्वतः लिहून द्यायला तयार आहेत, असं त्यानं सांगितलं. म्हणजे अकरावं प्रकरण जाणार, आणि त्याबरोबर जे एकच खरं नाथाजीनं आयुष्यात लिहिलं ते. योगायोगानं पिक्चर मिरजेला पुन्हा लागला, या वेळी एकट्या मिरजेत, सायकलीवाचून. आणि कृष्णात पायाची जखम दाखवायला मिरजेच्या दवाखान्यात आलेला. पट्टी बदलून झाली, दहिवडीची गाडी दुपारची. पिक्चर बघायचा का म्हटल्यावर भाऊ नुसता उठून चालायला लागला होता. त्याला कशाचा पिक्चर हे विचारायचंही सुचलं नाही, असं नाथाजीला वाटलं होतं. आता कळत होतं की थेटराबाहेरचं चित्र त्यानं चांगलं मिनिटभर बघितलं होतं. पांढऱ्या पोशाखातली तीन माणसं आणि तांबडा चंद्र. पुस्तकाच्या कव्हरवरही तेच होतं.

पायाची ती जखम बर्फातली. चीनच्या लढाईत कृष्णात गेला आणि घरी तार आली. मास्तरांनी वाचली, तात्यांनी, म्हणजे बापानं, पागोटं काढून ठेवलं. प्रेत नव्हतं, म्हणून दर्भाचा पुतळा करून जाळला, दहावं-तेरावं झालं, अंबूवहिनीच्या बांगड्या फोडल्या. सात महिन्यांनी वैशाखात कृष्णात फाट्यावर एसटीतनं उतरला आणि लंगडत चालत आला. चिन्यांच्या कैदेत होता. तो आला हे आधी कुत्र्याला कळलं. बाप पुढं झाला, आणि दहा पावलांवर थांबला. ज्याचं तेरावं झालं तो तसाच उंबरा ओलांडत नाही, घरात अशुभ येतं. आधी विधी व्हायला पाहिजे. दहिवडीहून भटजी येईपर्यंत दोन दिवस कृष्णात मेंढरांच्या आवारात राहिला, वाघरीच्या जाळीच्या आत, लोकरीत अंग खुपसून. त्यानं पाणी मागितलं तेव्हा घरातल्या कुणीतरी तांब्या काठीनं त्याच्याकडं सरकवला. नाथाजी ही गोष्ट स्वतःला सांगताना नेहमी असंच सांगायचा, घरातल्या कुणीतरी. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगाला तूप चोपडलं, घोंगड्याची झोळी चौघांनी धरली आणि त्या सहा फुटी जवानाला तीत घालून बारसं केलं. झोळीतनं पाय बाहेर लोंबत होते, एकाची दोन बोटं नव्हती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, काही रडत होत्या, लांबनं सारखंच दिसत होतं. धोंडुआत्यानं कानात नाव सांगितलं, अर्जुना. मग अंबूवहिनीशी पुन्हा लग्न लावलं, नव्यानं बांगड्या भरून. पेन्शनच्या कागदावर कृष्णात राहिला आणि देवापुढं अर्जुना. त्याला कुठल्याही नावानं हाक मारली की तो जरा थांबून बघायचा, दुसरं कुणी ओ देतंय का म्हणून. त्यावर तो बारा वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. आणि नाथाजीनं ते उचलून दोन वर्षं एसटी स्टँडवर विकलं.

पडद्यावर यान समुद्रात पडलं. बोट आली, झाकण उघडलं. एक माणूस उतरला, दाढी वाढलेला. दुसरा उतरला, त्याला धरून उतरवलं. बोटीवरचे लोक टाळ्या वाजवू लागले, बाजा सुरू झाला, आणि थेटरातले दिवे लागले. माणसं उठली, शेंगांची टरफलं पायाखाली करकरली. कृष्णात उठला नाही.

"दोनच," तो म्हणाला.

नाथाजीनं आण्णा, चला म्हटलं. कृष्णात पांढऱ्या पडद्याकडं बघत राहिला. झाडू घेऊन एक बाई रांगांतनं येऊ लागली, तिनं पाय वर घ्यायला सांगितलं, त्यानं पट्टी बांधलेला पाय मुकाट्यानं वर घेतला. ती झाडून पुढं गेल्यावर मग तो उठला.

स्टँडसमोर चहा घेतला. कृष्णातनं बशीत ओतून, फुंकर घालून, अर्धा चहा संपवला. पुस्तक कुठं मिळालं हे नाथाजीनं विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं. दहिवडी स्टँडवर अंबूवहिनीला दिसलं, कव्हरवर दिराचं नाव वाचून तिनं घेतलं. तिची शाळा चौथीपर्यंत, पण तिनं सगळं वाचून दाखवलं. अकरावं प्रकरण दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना मधेच उठून ती चुलीपाशी गेली आणि बराच वेळ आली नाही.

नाथाजी म्हणाला, "आण्णा, तुमाला इचारायला पायजे हुतं."

"काय इचारनार? तू तितंच हुतास की." कृष्णातनं बशी खाली ठेवली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तांब्या काठीनं तूच सरकवलावतास. एकोणीस वर्षांचा घोडा. हात थरथरत हुता तुजा, निम्मं पानी सांडलं."

समोरनं एसटी वळली, धूर आला, गेला. नाथाजीला तांब्याचा आवाज ऐकू आला, दगडावरनं घासत जाणारा. पुस्तकात त्यानं त्या तांब्याची नळी करून ती कप्तानाच्या हातात दिली होती. कप्तानाचा हात मात्र थरथरला नव्हता. आपण लोकांना घाबरत नाही, प्राध्यापकाला भर सभेत टाकीत बसवतो, आणि तेवढी एक थरथर लपवली.  मग छपाई, लालासाहेब, सोमवार, सगळं त्यानं भावाला सांगून टाकलं. म्हणाला की तुम्ही सांगाल तर प्रकरण काढून टाकतो, प्राध्यापकाला भिऊन नाही, तुमच्यासाठी.

कृष्णातनं पायाच्या पट्टीची गाठ आवळली. "काढू नगंस," तो म्हणाला. "पन एक चुकलंय त्यात. ते दार उगडायच्या आदी लय बोलतंय. दीड पान. नाव काय तुजं म्हून आतनं इचारल्यावर कसलं बोलतंय गड्या? मला कवा बोलाय आलं? आजून येत न्हाई."

"मंग काय करतो त्यो?"

"गप ऱ्हातो. पानी पितो."

दहिवडीची गाडी लागली. कृष्णात वर चढला, खिडकीशी बसला. गाडी सुरू झाल्यावर त्यानं बाहेर हात काढून तीन बोटं दाखवली, गर्दीतनं कुणाला काही दाखवावं तशी, आणि हात आत घेतला.

सोमवारी नाथाजी सगळ्यांच्या आधी छापखान्यात गेला. अकराव्या प्रकरणाचा फर्मा त्यानं दगडावर घेतला, दोऱ्या सोडल्या. पहिल्यांदा कप्तानाच्या वाक्यात पाच शब्द घातले: हात थरथरला, निम्मं पाणी सांडलं, शेजारची ओळ ढिली करून जागा केली. मग मेलेल्या माणसाचं दीड पानाचं बोलणं एक एक ओळ काढून खिळे परत घरांत टाकले. अंधार, आई, नक्षत्रं, काळ, सगळे शब्द सुटे होऊन आपापल्या खणात गेले. दीड पान मोकळं झालं. तिथं त्यानं दोनच ओळी जुळवल्या, एक वर आणि एक पार खाली. वर: त्याला नाव विचारलं. खाली: तो पाणी प्यायला. मधली जागा त्यानं शिशाच्या कोऱ्या ठोकळ्यांनी भरायला घेतली.

लालासाहेब आला, खांद्यावरनं वाकून बघू लागला. "केलं का पिक्चरपरमानं?"

"पिक्चर चुकलाय," नाथाजी म्हणाला. "दोन रिळं उलटी लावल्याबिगर बरोबर व्हत न्हाई."

लालासाहेबानं प्राध्यापकांचं काढलं, ते पुन्हा लिहितील म्हणाला. लिहू देत, नाथाजी म्हणाला, त्यांचाही लेख मीच जुळवणार आहे, एक काना इकडचा तिकडं होणार नाही. लालासाहेबाला हसू आलं, ते त्यानं आवरलं. मग त्याची नजर त्या दीड पानावर गेली. एवढा कागद कोरा सोडायचा, लोक म्हणतील छापायचं राहून गेलं. त्यानं ठोकळ्यांवर बोट ठेवून विचारलं की इथं काहीच कसं नाही.

नाथाजीनं दोरी आवळली, गाठ मारली आणि पान दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढं धरलं. "घ्या की हातात," तो म्हणाला. लालासाहेबानं घेतलं, आणि त्याचे हात खाली गेले. अक्षरांच्या पानाएवढंच जड होतं ते, थोडं जास्तच.  तो ते सांभाळून यंत्रापाशी घेऊन गेला.

नाथाजीनं शेवटचं प्रकरण तपासायला घेतलं. यान समुद्रात पडतं, बोट येते, झाकण उघडतं. त्यानं शिशावर बोट ठेवून उलट्या अक्षरांतनं मोजलं. एक. दोन. तीन.